जुमादिल उस्ताचा संशय

करा-बाल्ता गावात गाडीचं इंजिन बसलं की लोक जुमादिल मिस्त्रीकडे जात, आणि जाताना एकमेकांना बजावत, की उस्ता विचारील त्याचं खरं उत्तर द्या. कारण तो विचारायचाच. तेल कधी बदललं, कुणी बदललं, डबा तुमच्यासमोर फोडला का. गाडीवाला काहीही म्हणाला तरी जुमादिल मान डोलवायचा, मग स्वतः तेलाची पट्टी ओढून बोटावर चोळून वास घ्यायचा. खोटं बोललं असेल तर तेव्हाच कळायचं. खरं बोललं असेल तरी त्याचा चेहरा बदलायचा नाही.

त्याची बायको उल्कान सगळ्या गल्लीला सांगायची, "आमचे हे नमाजाला उभे राहिले तरी किब्ला होकायंत्र लावून बघतील." बाजारात टरबूज घ्यायला तिनं त्याला नेणंच सोडलं होतं. तो ढिगातलं एकेक उचलून कानाशी धरायचा, टिचकी मारायचा, आणि शेवटी काहीही न घेता निघायचा.

हा संशय त्याच्या रक्तात नव्हता. डोंगरपायथ्याच्या मेंढपाळाच्या घरात तो वाढला, तिथं दाराला कडी नसायची. तरुणपणी गावातल्या मोठ्या कारखान्यात त्याला तपासनीसाची नोकरी लागली. दुसऱ्यानं केलेला भाग हातात घ्यायचा आणि त्यात खोट शोधायची, हेच काम. खोट सापडली नाही तर वरचा साहेब विचारायचा, नीट पाहिलंस ना? पुढं देश मोडून त्याचे तुकडे झाले, कारखाना बंद पडला. जुमादिलनं घराच्या मागच्या कोठारात गाड्यांची इंजिनं बांधायला सुरुवात केली. पहिल्याच इंजिनाला ज्याच्याकडून बेअरिंग घेतले, त्याच्याबरोबर तो एका ताटात जेवलेला होता. ते बेअरिंग खोटे निघाले, इंजिन वाटेतच आवळून जाम झालं. तेव्हा त्यानं कानाला खडा लावला.

त्यानंतर वीसेक वर्षं तो जपानहून आलेल्या जुन्या टर्बो गाड्यांचीच इंजिनं बांधत आला. अशा गाड्या या भागात गल्लोगल्ली. चढाला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. पण टर्बो म्हणजे इंजिनाच्या छातीत कोंबून भरलेली हवा. साधं इंजिन चूक पोटात घालतं, टर्बोचं घालत नाही. म्हणून जुमादिल इंजिन जुळवायला बसला की कोठाराचं दार आतून लावून घ्यायचा. आत कुणी नको.

गुलबार्चिन त्याच्याकडे आली ती गाडी ट्रकच्या मागे दोरानं बांधून. चाळिशी ओलांडलेली, उन्हानं रापलेली बाई. ती करा-बाल्ताहून तलासला उतारू नेई. म्हणजे रोज तो-आशू नावाची खिंड चढायची, माथ्यावरच्या बोगद्यातून पलीकडे सुसामिरच्या पठारावर उतरायचं, आणि पुढं आणखी एक खिंड. नवरा रशियात कामाला गेला तो तिकडचाच झाला. गाडी तेवढी मागे राहिली. बोगद्याच्या खालच्या वळणांवर इंजिनात खडखड सुरू झाली, मागून निळा धूर निघाला, आणि उतारूंना बर्फाच्या कडेला उतरवून तिला गाडी बंद इंजिनावर उतारानं पायथ्यापर्यंत आणावी लागली.

जुमादिलनं नेहमीचे प्रश्न विचारले. तिनं उत्तरं दिली नाहीत. उलट तिनंच विचारायला सुरुवात केली. या आधी अशी किती इंजिनं बांधलीत? कुणाची? ते लोक कुठं राहतात? ती खरंच दोघांकडे जाऊन चौकशी करून आली, हे जुमादिलला नंतर कळलं.

त्यानं इंजिन उतरवलं आणि उघडलं. एका पिस्टनची कड तुटली होती, बेअरिंग तांबडे पडले होते. हे सगळं त्यानं तिला दाखवलं. तिनं शांतपणे पाहिलं आणि म्हणाली, "आता जुळवाल तेव्हा मी इथं बसणार, बाइके." या भागात दादाला बाइके म्हणतात.

जुमादिल म्हणाला की इथं कुणी बसत नाही.

"मग इंजिन होतं तसं परत चढवून द्या. मी दुसरीकडे नेते."

उघडलेलं इंजिन पुन्हा जोडून गाडीत चढवायचं म्हणजे दुप्पट राबणूक, आणि तीही फुकट. जुमादिल बराच वेळ हात पुसत राहिला. मग त्यानं विचारलं, तुला एवढं बघायचंय तरी काय? ती म्हणाली, मागच्या खेपेला बिश्केकच्या एका गॅरेजनं मला इंजिन नवं केलं म्हणून सांगितलं होतं. ते आत्ता तुम्हीच उघडलंत. आत नवं काय दिसलं?

आत नवं काहीच नव्हतं. बाहेरून नुसता रंग फासला होता. हे जुमादिलनं पहिल्या दिवशीच ओळखलं होतं.

अशा रीतीनं त्या कोठारात पहिल्यांदा परकं माणूस बसलं. दाराजवळ तिनं स्टूल मांडलं. हात रिकामे नकोत म्हणून ती घरून नमद्याचे जोडे शिवायला आणायची. जाड लोकर, जाड दोरा, आणि पोत्यांना लागतं तसलं दाभण. डोळे मात्र शिवणावर नसायचे. जुमादिलनं पाना उचलला की ते वर यायचे. तो वाकला की तीही मान वाकडी करून बघायची. त्याला पाठीवर माशी बसल्यासारखं व्हायचं. नजरेखाली काम करायची त्याला सवय नव्हती. दुसऱ्यावर नजर ठेवायची मात्र होती.

आणि तोही काही कमी नव्हता. ही बाई खरंच गाडीवाली आहे, की दुसऱ्या कुणा मेकॅनिकनं माझं काम शिकायला धाडलीय, असं त्याच्या मनात आलं. मग त्यानं काही कामं मुद्दाम तिच्याकडे पाठ करून केली. तिनं स्टूल उचललं आणि दुसऱ्या बाजूला मांडलं.

सुटे भाग घ्यायची वेळ आली तेव्हा पहिली ठिणगी पडली. गुलबार्चिनचा एक मावसभाऊ शर्यतींच्या नादातला. त्यानं तिच्या डोक्यात भरवलं होतं की कंपनीचे पिस्टन ओतीव असतात, फुटतात. बाहेरचे घडीव घे, जन्माची चिंता मिटेल. जुमादिल म्हणाला, घडीव पिस्टन मजबूत खरे, पण त्यांना सिलिंडरात जास्त जागा सोडावी लागते. तलासच्या थंडीत सकाळी इंजिन सुरू केलंस की गरम होईपर्यंत टकटक वाजत बसतील, आणि तुला रोज सकाळीच निघायचंय. तू काही शर्यत लावत नाहीस. पिस्टन, रिंगा, बेअरिंग कंपनीचेच घे. मात्र तेल ओढणारी आतली नळी बाहेरची घे, ती जास्त जाड असते. रॉडचे बोल्टही बाहेरचे, आणि तेल थंड करायचा कूलर नवा. जुन्यात मोडलेल्या बेअरिंगचा चुरा अडकलेला असतो. कितीही धुतला तरी कुठंतरी कण राहतो.

तिनं शिवण खाली ठेवलं. "म्हणजे काही असली, काही बाहेरचं. आणि कुठं काय, ते तुम्ही ठरवणार."

"मग कोण ठरवणार?"

"आणि सगळं एकाच दुकानातून."

जुमादिलनं सांगितलं, हो, खलिमाकडून. बिश्केकच्या गाडीबाजारात दुकान आहे तिचं. दुन्गान जमातीची बाई आहे, वीस वर्षं मी तिच्याकडूनच माल घेतो. गुलबार्चिन "हं" म्हणाली. त्या एका "हं"मध्ये इतकं पाणी मुरत होतं की जुमादिलचे कान तापले. पण तिच्या जागी तो असता तर त्यानं तरी दुसरं काय केलं असतं?

खलिमाच्या दुकानात त्यानं नेहमीसारखा प्रत्येक डबा उघडला. कंपनीच्या डब्यात भलताच माल भरून विकणाऱ्यांची त्या बाजारात रेलचेल होती. म्हणून तो शिक्का नखानं खरवडून बघायचा, पिस्टन काट्यावर चढवायचा, बेअरिंगची पाकळी डोळ्याजवळ नेऊन धारेवरची अक्षरं वाचायचा. खलिमा तोवर चहा ओतायची, आणि गिऱ्हाइकं हसली की म्हणायची, "बघू द्या त्याला. त्यानं पाहिलेला माल मी डोळे मिटून विकते." माल चोख होता. गुलबार्चिन बाजूला उभी राहून दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होती.

क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा, आणि रॉड घासायला एदुआर्दकडे गेले. एदुआर्द म्हणजे या गावात उरलेल्या दोन-चार जर्मन घरांतला म्हातारा. कारखान्यात तो लेथवर आणि जुमादिल तपासणीला. एदुआर्दनं करायचं आणि जुमादिलनं मोजायचं, हे तेव्हापासूनचं. नव्या पाकळ्यांतला एक जोड मापासाठी त्याच्याकडे नेऊन परत आणला. मग सगळे भाग धुऊन जुमादिलनं टेबलावर स्वच्छ फडक्यावर मांडले. तेवढ्यात एदुआर्द हातगाडीवर क्रँक घालून दारात आला. क्रँक जड, म्हाताऱ्याला एकट्याला उतरवेना. जुमादिल बाहेर गेला. दोघांनी मिळून तो उतरवला, पुसला, थोडं बोलणं झालं. तेवढाच वेळ गुलबार्चिन आत एकटी होती.

दुसऱ्या दिवशी जुमादिल बेअरिंग बसवायला बसला. बेअरिंग म्हणजे दोन अर्धगोल पाकळ्या. त्यांची पाठ रॉडला चिकटून बसते आणि पोटावर तेलाच्या पापुद्र्यावर क्रँक फिरतो. पाकळी बसवण्याआधी तो पाठीवरून अंगठा फिरवायचा, सवयीनं. अंगठा अडकला.

त्यानं पाकळी खिडकीशी नेऊन भिंग लावलं. पाठीवर एक बारीक ओरखडा होता. त्याच्या दोन्ही कडांना धातू वर उचलला गेला होता, केसाएवढा. दुसरी पाकळी घेतली. तिच्यावरही. चार पाकळ्यांवर ओरखडे होते, बाकीच्या स्वच्छ.

त्याच्या मनात पाल चुकचुकली. वापरलेल्या पाकळ्या धुऊन नव्या डब्यात भरल्या असाव्यात. पण मी दुकानात तपासल्या होत्या. नीट तपासल्या होत्या का? चहा घेत होतो तेव्हा? खलिमा इतकी बोलत का होती त्या दिवशी?

गुलबार्चिनला त्यानं काही सांगितलं नाही. ही खलिमाला सामील असेल असंही एक क्षण त्याला वाटलं, मग स्वतःलाच ते वेडेपणाचं वाटलं, तरी त्यानं सांगितलं नाहीच. त्यानं त्या चार पाकळ्या रुमालात गुंडाळून खिशात टाकल्या आणि म्हणाला, आज काम बंद, एक भाग कमी आहे. ती उठली. तिची नजर त्याच्या खिशावर होती.

तो तसाच बिश्केकला गेला. दुकानात गर्दी होती. एरवी तो कोपऱ्यात थांबला असता, पण वाटेत त्याचं डोकं इतकं तापलं होतं की त्यानं सगळ्यांसमोर रुमाल उघडला आणि विचारलं, की वीस वर्षांत असा माल मला किती वेळा दिलास? मी पकडला नाही असा किती?

खलिमानं एक पाकळी उचलून बघितली. तिचा आवाज चढला नाही.

"ही मशीनची खूण नाही, उस्ता. हातानं टोकदार काहीतरी फिरवलंय. माझ्या डब्यात असं नव्हतं आणि ते तुलाही माहीत आहे. तू बघितला होतास."

"बघण्यात चूक होते."

"तुझी होते? मी तर आजवर ऐकलं नव्हतं." तिनं पाकळी रुमालावर ठेवली. "जा आता. गिऱ्हाइकं आहेत."

परतीच्या वाटेवर ती "हातानं टोकदार काहीतरी" ही गोष्ट त्याच्या डोक्यातून जाईना. हातानं. मग कुणाच्या हातानं? एक जोड एदुआर्दकडे गेला होता. तिथून तो थेट एदुआर्दच्या दारात गेला आणि रुमाल उघडून आडवळणानं विचारू लागला, की मापं घेताना काही हत्यार निसटलं का, काही लागलं का. एदुआर्दला आडवळण कळायला वेळ लागला नाही. तीस वर्षांपासूनचा दोस्त काय विचारतोय ते समजून तो आधी हसला. मग चष्मा काढून त्यानं टेबलावर ठेवला.

"जुमा, ही खूण तू मला दाखवतोयस ना, ती मला दिसतच नाहीये. करू कशी?"

जुमादिलच्या मनात मग दुसराच संशय शिरला. याला दिसत नाही, तर क्रँक कसा घासला? घरी जाऊन त्यानं दिवा लावून क्रँकचं प्रत्येक माप पुन्हा घेतलं, आणि मग पुन्हा. एक रेघही इकडची तिकडं नव्हती. म्हातारा बोटांनी काम करत होता, डोळ्यांनी नव्हे. जुमादिलनं मापयंत्र पुसून पेटीत ठेवलं. क्रँक बरोबर आहे याचा त्याला आनंद व्हायला हवा होता.

दुसऱ्या एका दुकानातून त्यानं नव्या पाकळ्या आणल्या. तपासल्या, धुतल्या, मांडल्या. गुलबार्चिन आली. आज तिनं शिवण आणलं नव्हतं. ती सरळ टेबलाशी गेली, एक पाकळी उचलून उलटी केली, मग दुसरी, मग एकेक करून सगळ्या. मग चेहरा त्याच्याकडे वळवला.

"या माझ्या नाहीत."

जुमादिल म्हणाला, नव्या आहेत, कंपनीच्याच आहेत.

"माझ्या कुठं आहेत? तुम्ही खिशात घातल्यात त्या. मी पाहिलं. माझ्या पाकळ्यांवर खूण आहे. त्या द्या, नाहीतर मी आत्ता गल्लीतले लोक बोलावते."

"कसली खूण?"

"माझी खूण. मी केलेली. दाभणानं. तुम्ही असली दाखवून दुसरं बसवाल म्हणून केली."

असं म्हणून ती छाती पुढे काढून उभी राहिली, चोर पकडल्यासारखी. जुमादिलनं खिशातून रुमाल काढला, उघडला, आणि टेबलावर तिच्यासमोर ठेवला. त्या चार पाकळ्या. तिचे ओरखडे.

आधी तिला काही कळलं नाही. पाकळ्या तर इथंच होत्या, मग हा त्या बसवत का नाही? जुमादिलनं तिचा अंगठा धरून पाकळीच्या पाठीवरून फिरवला. "लागतंय?" ती म्हणाली, थोडं. त्यानं सांगितलं, की पाठीवर एवढंसं उचललेलं असलं की पाकळी नीट टेकत नाही, पोटाकडून फुगते. तेवढ्या जागी तेलाचा पापुद्रा तुटतो. सपाट रस्त्यावर महिनाभर काही कळलं नसतं. एखाद्या दिवशी गाडी भरलेली असती, चढ असता, टर्बो पुरता जोरात असता, तेव्हा ती आवळली असती.

"कुठं?" तिनं विचारलं.

"तुझा सगळ्यात मोठा चढ कुठं आहे?"

ती स्टुलावर बसली. बोगद्यात बंद पडलेल्या गाडीत धुरानं गुदमरून काय होतं ते खिंडीच्या वाटेवरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तिनं स्टुलावरूनच टेबलावरच्या पिस्टनांकडे बोट केलं. मग हळूच म्हणाली, "पिस्टनवर पण केल्यात. आतल्या बाजूला."

ते जुमादिलनं पाहिलं नव्हतं. त्यानं पिस्टन उलटे करून बघितले. आत, कुणाचीही नजर जाणार नाही अशा जागी, बारीक फुल्या होत्या. तिथं त्यांनी काही बिघडत नव्हतं. त्यानं कानशीनं त्यांच्या कडा घासून टाकल्या आणि फुल्या तशाच ठेवल्या.

त्याला राग यायला हवा होता, निदान तिची तशी अपेक्षा होती. पण त्याच्या डोळ्यांसमोर खलिमाचं दुकान होतं आणि एदुआर्दचा टेबलावर ठेवलेला चष्मा. तो एवढंच म्हणाला, "मी तुझ्यामुळे दोन माणसांना चोर म्हटलं."

"मला आधी विचारलं असतंत तर?"

"तू खरं सांगितलं असतंस?"

तिनं विचार केला. "नाही," ती म्हणाली.

खलिमाकडे जायचं तिनंच काढलं. जुमादिल टाळत होता. ती म्हणाली, दाभण माझं होतं, मी सांगते. दोघं बसनं गेली. गुलबार्चिननं दुकानात उभ्या उभ्या सगळं सांगितलं, काहीही न लपवता. खलिमानं ऐकून घेतलं, आणि तिला म्हणाली की बाई, तू माझ्यासारखीच एकटी धंदा करतेस, तुझं मला कळतं. मग ती जुमादिलकडे वळली.

"तू वीस वर्षं माझे डबे उघडून बघतोस, मी कधी वाईट वाटून घेतलं नाही. ते तुझं काम आहे. पण त्या दिवशी तू बघायला आलाच नव्हतास. आधीच ठरवून आला होतास."

जुमादिलनं मान खाली घातली. माफी मागायचे शब्द त्यानं वाटेत जुळवले होते, त्यांतले अर्धेच बाहेर आले. खलिमानं ते ऐकले की नाही कळलं नाही. ती गिऱ्हाइकाकडे वळली.

इंजिन जुळवताना गुलबार्चिन पुन्हा दाराशी बसली. या वेळी जुमादिलनं पाठ केली नाही. प्रत्येक बोल्ट आवळताना तो पान्यावरचा आकडा तिला वाचायला लावायचा, आणि ती वाचायची. एकदा तिनं वेगळा आकडा वाचला. त्यानं पुन्हा बघितलं, तर तिचाच बरोबर होता. तेव्हा तो पुटपुटला, की बस आणखी जवळ. उल्कान चहा आणि कणकेचे तळलेले बोरसोक घेऊन यायची आणि दोघांकडे बघून म्हणायची, की एक होता तोच पुरे होता, आता जोडी झाली. टर्बोची दांडी त्यानं बोटांत धरून हलवली, ढिली नव्हती. नवा कूलर बसला. तेल भरून त्यानं आधी ठिणगी तोडून इंजिन नुसतं फिरवलं, आत सगळीकडे तेल पोचेपर्यंत. मग किल्ली तिच्याकडे दिली.

इंजिन पहिल्याच झटक्यात लागलं. जुमादिल ब्लॉकला लांब सळई टेकवून, तिचं दुसरं टोक कानाला लावून ऐकत राहिला. गुलबार्चिननं सळई मागून घेतली आणि तिनंही ऐकलं. तिला काय ऐकू यायला हवं ते तिला माहीत नव्हतं. तरी तिनं ऐकलं.

सुरुवातीला सपाट रस्त्यावर हळूहळू चालवायची, जोर द्यायचा नाही, मग तेल बदलायचं, हे सगळं तिनं पाळलं. जुमादिलनं जुनं तेल फडक्यातून गाळून पाहिलं, धातूची चमक नव्हती. मग एके दिवशी ती उतारू न घेता दारात आली.

"बाइके, बसा. खिंडीत जायचंय."

जुमादिल म्हणाला, माझं काय काम? तू चालवणारी.

"तुम्ही बांधलेल्या गाडीत तुम्ही कधी खिंड चढलात?"

चढला नव्हता. गाड्या त्याच्या दारातून जायच्या, त्यांत बसायची त्याला कधी गरज पडली नव्हती, आणि हिंमतही झाली नव्हती, असं उल्कान नंतर म्हणाली. त्यानं टोपी घातली आणि बसला.

वळणावळणानं गाडी चढू लागली. तिनं पाय दाबला की टर्बोची बारीक शीळ ऐकू यायची. जुमादिलचा एक हात दारावर होता, कान इंजिनाकडे. प्रत्येक वळणाला त्याला नवा आवाज ऐकू येई, आणि प्रत्येक वेळी तो आवाज दुसऱ्याच कशाचा निघे, खडीचा, वाऱ्याचा, मागे घरंगळणाऱ्या बाटलीचा. तेलाच्या दाबाचा काटा तो बघत होता. तिचंही लक्ष काट्यावर होतं. शेवटी तो म्हणाला, तू रस्ता बघ, मी हे बघतो.

बोगद्याच्या तोंडाशी तिनं काचा वर केल्या. आत अंधार, ओली भिंत, पुढच्या ट्रकचे दोन लाल दिवे आणि नाकात शिरणारा धूर. ट्रक मध्येच हळू झाला, मग जवळजवळ थांबला. गुलबार्चिनचे हात चाकावर घट्ट झाले. इंजिन एका लयीत चालत राहिलं. आपण घरून निघताना काही तपासायचं राहिलं का, याची उजळणी जुमादिल करत होता. एकही गोष्ट राहिलेली सापडली नाही, आणि त्यानं त्याला जास्तच भीती वाटली. मग ट्रक हलला, आणि समोर पांढरा ठिपका दिसू लागला.

पलीकडे सुसामिरचं पठार हिरवंगार पसरलेलं होतं. एका तंबूपाशी गाडी थांबवून त्यांनी किमिज, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, घेतलं. जुमादिलनं इंजिनाचं झाकण उघडून तेल बघितलं. मग तिनं बघितलं. त्याच वेळी तलासला जाणारं एक म्हातारं जोडपं गाडीपाशी आलं. म्हाताऱ्यानं गाडीभोवती फेरी मारली, चाकाला काठी टेकवली, आणि विचारलं की ही पलीकडच्या खिंडीवर नीट नेईल ना.

गुलबार्चिननं जुमादिलकडे बोट केलं. "यांना विचारा. यांनी बांधलीय."

म्हातारा त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. जुमादिलनं आयुष्यात कुठल्याही इंजिनाची हमी दिली नव्हती. चालेल तोवर चालेल, तेल बघत जा, एवढंच तो म्हणायचा. आता त्यानं हातातला वाडगा खाली ठेवला.

"नेईल," तो म्हणाला. "बसा."

ती तिघं पुढे गेली. जुमादिल एका मालट्रकातून खाली करा-बाल्ताला परतला.

त्याला आता चार वर्षं झाली. ती गाडी अजून खिंड चढते. कोठाराचं दार काम करताना उघडं असतं. पाहिजे त्यानं बसावं, पण गप्प बसावं, असा नियम आहे. जुमादिल अजूनही टरबूज टिचक्या मारून घेतो. एदुआर्दचे डोळे आता पार गेले. दर आठवड्याला जुमादिल त्याच्याकडे जातो आणि काही काम नसलं तरी एखादा क्रँक नेतो. म्हातारा बोटं फिरवून माप सांगतो.

खलिमाकडे तो अजून जातो. असली आणि बाहेरचा माल त्या बाजारात तिच्याइतका चोख कुणाकडे नाही. ती माल काढते, प्रत्येक डबा स्वतःच्या हातानं उघडून त्याच्यापुढे ठेवते, आणि तो बघेपर्यंत उभी राहते. तो म्हणतो, राहू दे खलिमा, नको उघडूस. ती म्हणते, बघून घे, उस्ता. मग तो बघतो. चहा मात्र तिनं पुन्हा कधी ओतला नाही.